गप्पांची फ्रेम

इटलीतल्या त्रेविझोजवळच्या आपल्या सायकलींच्या कारखान्यात ओत्तोरिनोनं सायकलच्या दोन फ्रेम शेजारी-शेजारी टांगल्या. दोन्ही दिसायला अगदी जुळ्या.

"फरक काय हो, मिस्त्री?" गावात नव्यानं आलेल्या ओर्नेलानं विचारलं.

"ही एकट्यानं पळवायची, वाकून. आणि या दुसरीचं हँडल दोन बोटं वर येतं, म्हणजे शेजारच्याशी गप्पा मारता येतात."

बायको गेल्यापासून रविवारी सायकल फिरवताना त्याच्या शेजारी कुणीच नसे. ओर्नेलानं गप्पांची घ्यावी, असं त्याला फार वाटत होतं.

"वाकायचीच द्या! घरात बडबड काय कमी आहे?"

"बरं." त्यानं तिचे हात मोजले. मग टेप पुन्हा उचलली.

"अहो, आत्ताच मोजलेत ना!"

"कॉफी प्यायल्यावर हात जरा लांबतात, बाई. बसा, ठेवतो."