ताईच्या बोर्डावरचे दोन शब्द

माझ्या ताईला मारणाऱ्या विषाणूचं खानदान सापडलं. वाजवा टाळ्या!

गेल्या आठवड्यात गोंदियात डेंग्यूवरच्या संशोधनाचा कार्यक्रम झाला. एसी हॉल, शाली, काजूकतली.

स्क्रीनवर डेंग्यूच्या विषाणूची वंशावळ. जीन वाचून काढलेली. टाइप कोणता, शाखा कोणती, कुठल्या राज्यातल्या विषाणूशी सोयरीक, सगळं रंगीत.

एका फांदीवर आमच्या गावाचं नाव.

आमच्या गावातून तपासणीला रक्त एकाच बाईचं गेलं होतं. सुजाताताईचं.

मी उभा राहिलो. "साहेब, म्हणजे माझ्या बहिणीला डेंग्यूच होता ना जी?"

आरोग्य खात्याचे साहेब माइकवर हसले.
"देखो भाऊ, ये रिसर्च है. आपल्या रेकॉर्डला ती तापाने गेली. तुमच्या गावात डेंग्यू निरंक."

निरंक!

विषाणूचा पणजोबा माहीत आहे यांना. मेलेल्या बाईचा आजार माहीत नाही. थू!

आणि निरंक म्हणून फवारणी नाही, टाक्या तपासणं नाही. आमच्या उपकेंद्राच्या कूलरमध्ये उन्हाळ्यापासूनचं पाणी आहे. अळ्या मजेत पोहून राहिल्या.

याच उपकेंद्रात गेल्या वर्षी ताईला नेलं होतं.
"भाऊ, डोळ्याच्या मांगं लय दुखून रायलं," म्हणत होती.
तिथं सांगितलं, "बांधीत भिजली असंल. रोवणीचा ताप आहे. गोळी घ्या."

आमच्याकडे धानाच्या रोवणीत, बांधीतल्या चिखलात रोपं लावायच्या दिवसांत, कोणालाही ताप आला की तो रोवणीचाच. शिकलेले तेच म्हणतात, अडाणी तेच म्हणतात. साऱ्या गावानं माना डोलावल्या.

गोंदियाला नेलं तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ती परत आली नाही.

आज वर्ष झालं. चौकात तिचा बोर्ड लावला. फोटो, नाव, आणि खाली ठळक अक्षरात: डेंग्यूने मृत्यू.

सकाळीच सरपंच घरी हजर. वर्षभर फिरकले नव्हते.
"हे दोन शब्द कायले टाकले बापा? गावाची बदनामी होते. काढून टाक."

आई बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावत होती. तशीच उठली.
"तुमच्या रेकॉर्डात नाही ना जी? मंग बोर्डावर राहू द्या. कुठंतरी तं राहू द्या."

सरपंच चहा न घेता गेले. बरं झालं, साखर वाचली.

बोर्ड चौकातच आहे. येता-जाता वाचा.

ताई, तुला विनम्र अभिवादन.
तुझा ताप रोवणीचा नव्हता.