दुसऱ्या कंपनीचा बॉक्स

माझा धाकटा भाऊ कुतुबुद्दीन वडूजमधी घरोघरी फायबरची लाइन जोडतो. हाताला सावकाश, बोलायला त्याहून सावकाश. पण चार वर्सांमागं त्यानं दीडशे घरांत इंटरनेटचे बॉक्स बसवले, तवा दारोदार सांगून बसला, "बॉक्स तुमचा. उद्या कंपनी बदलली तरी हाच चालंल." लोकांनी इस्वास ठेवला.

यंदा लाइन नव्या कंपनीकडं गेली. तिचं हापिसातलं मशीन दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सला वळखंना. "जुनं मशीन महिनाभरात बंद. आमचे बॉक्स घ्यायला सांगा," तिथला साहेब म्हणाला. कुतुब दोन घास खाऊन ताटावरनं उठला. "आपा, माझ्या शब्दाचं काय?" मला लय वाईट वाटलं.

कुतुब हटंना, तवा साहेबानंच चोरवाट दावली. जुन्या बॉक्सवर नव्या कंपनीचं खोटं नाव चढवायचं, मशीन फसतंय. पहिला प्रयोग कुणाच्या घरी? माझ्या! आठ दिस झ्याक चाललं. नवव्या दिशी मशीननं आपल्या बॉक्सांना नवं सॉफ्टवेअर धाडलं. माझ्या बॉक्सनंबी ते घेतलं आन जागीच मेला. लेक रुक्सार मुंबईहून व्हिडिओवर बोलत हुती, स्क्रीनवर तिचं तोंड उघडंच थिजलं.

"आरं गाढवा," मी कडाडले, "खोटं नाव सांगून बसवलास, मग दुसऱ्याचं औषध त्याच्या पोटात जाणारच की!"

 गडी त्या दिसापास्नं पेटला. कुठलाबी बॉक्स कुठल्याबी मशीनवर चालावा म्हणून जगानं मिळून नियम लिहिलेत म्हणं. शेकडो पानं, समदी इंग्रजीत. माझी धाकटी अर्शिया अर्थ सांगायची, मामा टिपून घ्यायचा. बॉक्स नियमानंच बोलत हुता. मशीनमधी दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सचं सेटिंगच कुणी भरलं नव्हतं! कुतुबनं सायबाच्या शेजारी बसून ते भरून घेतलं आन त्या दीडशे घरांतल्या गोदावरीकाकूंचा बॉक्स मागून आणून लावला. स्क्रीनवर त्याचं खरं नाव आलं, नेट सुरू झालं. महिना संपायला चार दिस हुते.

बॉक्स परत द्यायला मीबी संगं गेले. कुतुब म्हणाला, "काकू, नवा घ्यायला नको."

"नवा कोण घेत हुतं?" काकू म्हणाल्या. "तो सायब गल्लीभर फिरला. आमी समद्यांनी सांगितलं, कुतुब बघतोय, तवर थांबा."

कुतुब उंबऱ्यावरच बसला आन रडला. खोटं कशाला सांगू, मीबी रडले.