रिमोट माझ्याच हातात होता

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोड्या ठाऊक आहेत, ही एक सोडून. आजवर कुणाजवळ तोंड उघडलं नाही. तुमच्याजवळ उघडतोय, कारण तुम्ही रोह्याचे नाही आणि रविवारी आमच्याकडे बुद्धिबळ बघायला येत नाही.

हो, बुद्धिबळ. टीव्हीवर, थेट. लोक क्रिकेटला जमतात, आम्ही जमतो ते दोन माणसं हनुवटीला हात लावून तास तास बसलेली बघायला. हसा खुशाल. बायको तर म्हणते, यापेक्षा चुलीवरचं आधण बघत बसा, त्यात काहीतरी हलतं तरी. पण आपला खेळाडू जगज्जेतेपदासाठी बसला असेल आणि त्याच्या घड्याळाचे काटे धावत असतील, तेव्हा माझ्या हाताला घाम फुटतो. तुम्हाला नाही पटायचं. असो.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो. सबब म्हणून नाही – कळावं म्हणून. मी इथल्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर होतो. आत मोबाईलला बंदी, म्हणून प्रत्येक शिफ्टच्या माणसांचे मोबाईल जमा करायचे, जेवणाचे डबे उघडून बघायचे, खिसे चाचपायचे. जन्मभर हेच केलं की काय होतं? समोरचा हसला तरी वाटतं, याच्या खिशात काहीतरी आहे. रिटायर झालो, खाकी गेली, ती नजर मात्र घरी आली. भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्त घातल्या तरी मला वाटतं, खालची वांगी किडकी असणार. बहुतेक वेळा ती चांगलीच निघतात.

तर आमच्या बैठकीत एक खेळ चालायचा. पडद्यावर पडण्याआधी पुढची चाल ओळखायची. हत्ती कुठे जाईल, घोडा कुठे बसेल. पैज नाही, काही नाही, नुसता मान. आणि तो मान माझा होता. आमचे पाटील गुरुजी मला ‘उस्ताद’ म्हणायचे. कसा झालो उस्ताद, सांगू? चाल मोबाईलवर टीव्हीच्या थोडी आधी येते. मोबाईल मी मांडीशेजारी, उशीच्या आड ठेवायचो. तुम्हाला वाटलं, हीच ती गोष्ट? नाही हो. ही नुसती लबाडी. हिची लाज वाटते, पण हिने झोप जात नाही.

दत्तूभाऊ पेणचे. गणपतीच्या कारखान्यात आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. रंग लावायला कुणीही शिकतो, आखणीला मात्र कारखान्यात एखाददुसराच हात असतो. आमच्या घरचा गणपती त्यांच्याच कारखान्यातला. मूर्ती ठरवायला गेलो होतो, तर जेवणाच्या सुट्टीत हा माणूस एकटाच पट मांडून बसलेला. मीच म्हटलं, या रविवारी. मीच बोलावलं – हेही विसरता येत नाही. ते दर रविवारी रेल्वेगाडीने यायचे, येताना कधी पापड, कधी पोहे आणायचे. ऐकू कमी यायचं, म्हणून उजव्या कानात यंत्र.

आणि ते चाली ओळखू लागले. समालोचक दोन-तीन चाली सुचवायचे, दत्तूभाऊ डोळे बारीक करून म्हणायचे, “हत्ती जाणार.” आणि हत्तीच जायचा. तिसऱ्या रविवारी गुरुजींनी त्यांना ‘उस्ताद’ म्हटलं. माझ्याच सोफ्यावर बसून.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय उगीच? मला एकच वाट माहीत होती, तेव्हा त्यांचीही तीच असणार. मी त्यांचे हात बघू लागलो. खिसे बघू लागलो. संडासात गेले की किती वेळ लावतात, तेही – हो, इतका उतरलो होतो. शेवटी एका रविवारी स्टीलचा डबा आणला आणि गेटवर करायचो तसे सगळ्यांचे मोबाईल गोळा केले. गंमत म्हणून, असं म्हटलं. दत्तूभाऊंनी सगळ्यांच्या आधी टाकला. त्या दिवशी माझं डोकं दुखलं, मी एकही चाल सांगितली नाही. ते मात्र सांगत राहिले आणि बरोबर येत राहिले.

तेव्हा मला कळलं. पडद्यावर नुसता पट असला की दत्तूभाऊ निवांत चहा प्यायचे. खेळाडूचा चेहरा आला की पुढे सरकायचे. ते डोळे बघत होते! खेळाडू कुठल्या बाजूला बघतो, कुठे बघायचं टाळतो, बुबुळ कधी थांबतं. उभा जन्म डोळे आखण्यात घालवलेला माणूस, तो दुसरं काय बघणार?

हे मला नीट कळलं होतं. एवढं लक्षात ठेवा. पुढचं मी संशयाने केलं, असं मला म्हणता येत नाही.

पुढचा रविवार शेवटच्या डावाचा. मी डबा फिरवला आणि चारचौघांत विचारलं, “भाऊ, कानात काय हाय ते? हल्ली त्यातनं चाली सांगतात म्हणे.” त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा बोललो, मोठ्याने. दोनदा बोललो मी ते. दत्तूभाऊंनी यंत्र काढलं, रुमालाने पुसलं आणि डब्यात मोबाईलांवर अलगद ठेवलं. आणि मी – रिमोट माझ्याच हातात होता ना – दुसरं प्रक्षेपण लावलं. इथे पट मोठा दिसतो, असं म्हटलं. तिथे फक्त पटच दिसायचा. चेहरे नाहीत.

गुरुजींनी त्यांना खुणेने विचारलं. पहिली चाल चुकली. दुसरी चुकली. तिसऱ्या वेळी ते टीव्ही सोडून माझ्याकडेच बघत राहिले. शेजारचा मोहन म्हणाला, “म्हंजे यंत्रातच होतं व्हय!” मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

त्यांनी यंत्र कानात घातलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गाडीला अजून दीड तास होता. मला ठाऊक होतं.

भाद्रपदात मूर्ती आणायला पेणला गेलो. दुसरा कारखाना धरला असता, पण बायकोने कारण विचारलं असतं. आमची मूर्ती तयार होती. दत्तूभाऊ दुसऱ्या एका मूर्तीवर वाकलेले. त्यांनी एकदाच मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कुंचला उचलत म्हणाले, “बोलायच्या आधी तुमची नजर उशीकडं जाते. पयल्याच रविवारी दिसलं मला. नाय बोललो कुणाला. घर तुमचं हाय.”

मूर्ती टेम्पोत त्यांनीच नीट ठेवली, खाली पेंढा सारला. “सांभाळून न्या,” म्हणाले, “वडखळला गर्दी हाय.”

आमची बैठक अजून भरते. डबा केव्हाच स्वयंपाकघरात गेला. उशी आहे तिथेच आहे आणि मी पुन्हा उस्ताद आहे. परवाच्या रविवारी मोहन एका नव्या पाहुण्याला गोष्ट सांगत होता – पेणचा एक जण यायचा, कानात यंत्र लावून चाली ऐकायचा, पण आमच्या उस्तादांनी बरोबर पकडला. सगळे कौतुकाने माझ्याकडे बघू लागले. मी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.