नालेची अंगठी

ज्या यानावर आमचं उपकरण बसायचं होतं, ते यान आमच्या उपकरणाशिवायच गेलं. धातूंनी भरलेल्या एका लघुग्रहाकडे ते निघालं आहे. कधीकाळी फुटलेल्या ग्रहाचा तो लोखंडी गाभा असावा, असा अंदाज आहे. त्यात जुनं चुंबकत्व उरलंय का, हे आमचा संवेदक मोजणार होता. तो का गेला नाही, हे मला ठाऊक आहे.

चाचणीच्या खोलीत लोखंड न्यायला बंदी होती. पट्टा, घड्याळ, किल्ल्या सगळं दाराशी ट्रेमध्ये काढून ठेवायचं. दारावर आमचे जुने तंत्रज्ञ असत. तीन पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं मराठी घर त्यांचं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते प्रत्येकाच्या अंगावरून तपासणीचं यंत्र फिरवायचे. त्या दिवशी मला बघून हसले. "तुमचं काय तपासायचं सर? नियम तुम्हीच लिहिलेत. जावा आत."

माझ्या बोटात, सुती हातमोज्याखाली, घोड्याच्या नालेची अंगठी होती. बायको इस्पितळात होती, शस्त्रक्रिया व्हायची होती. अंगठी आईने साताऱ्याहून पाठवली होती. साडेसाती आहे, आंघोळीलासुद्धा काढायची नाही, असं बजावून. माझा विश्वास नव्हता, पण काढायचा धीरही होत नव्हता.

संवेदकाची वायर सारखी करायला मी हात पुढे केला आणि पडद्यावरचे आकडे उडाले. हात मागे घेतला, जागेवर आले. मला तेव्हाच कळलं.

नोंदीत फक्त आकड्यांची उडी दिसत होती, माझा हात दिसत नव्हता. चौकशीत कारण सापडेना, आणि ज्या उपकरणाच्या बिघाडाचं कारण सापडत नाही ते यानावर चढवत नाहीत. अण्णांच्या पेटीतलं पोलादी हत्यार आत राहिलं असावं, असा शेरा पडला. अण्णांनी समितीसमोर पेटी उघडून एकेक पाना, एकेक स्क्रूड्रायव्हर मोजून दाखवला. दोनदा. समितीत मीही बसलो होतो. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत शनीची अंगठी कशी सांगायची, म्हणून मी गप्प राहिलो.

बायको बरी होऊन घरी आली, तेव्हा अंगठी येलहंक्याच्या तळ्यात टाकली. अण्णांची बदली बोम्मसंद्र्याच्या गोदामात झाली. तिथूनच ते निवृत्त झाले.

मागच्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं.

"सरी, बरं," ते शेवटी म्हणाले. "माझं मन राखायला एवढं खोटं बोलायला आलात होय?"

"खरं सांगतोय, अण्णा."

"तुम्ही, अन् शनीची अंगठी! कुठंय, दाखवा की."

माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

"जाऊ द्या सर. मला आठवतंय आता. एक पाना मीच आत विसरलो होतो."

असा पाना नव्हताच. पण आता त्यांना तो दिसत होता, कुठे ठेवला होता तेही त्यांनी सांगितलं. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, ते मान हलवत राहिले.

निघताना त्यांनी माझी छत्री, चष्मा, मोबाइल एकेक मोजून हातात दिलं. मग कॉफीच्या पेल्यामागे, खुर्चीखाली स्वल्प वाकून पाहिलं.

"माझा भरवसा नाही हल्ली," म्हणाले. "आत काही राहिलं नाही ना, सर?"