वस्तऱ्याने बापाची दाढी का सोडली

सलूनमधल्या त्या पोराला सगळी गल्ली वस्तराच म्हणायची. हात असा हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागे. दर रविवारी तो घरी बापाची दाढी करी. म्हातारा लकव्याने आडवा झालेला, पण गालावर खुंट राहिलेले त्याला खपत नसत.

मग वस्तऱ्याने दाढी करणं सोडलं. कप वेगळा केला, टॉवेल वेगळा केला.

"बापाची किळस यायला लागली का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझीच येते, अण्णा," हे ओठांवर आलेलं त्याने गिळलं.

ज्याच्यावर तो जीव टाकायचा, त्या टेंपोवाल्याने सांगितलं होतं, "मला एचआयव्ही निघालाय. तूही तपासून घे." दवाखाना जवळच होता, पण तिथे रक्त घेणारी होती शेजारची मावशी. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाची सून रुसली, कोणाची भाजी करपली, दुपारच्या आत गल्लीभर. वस्तरा कितीदा तरी फाटकातून माघारी फिरला.

झोप उडाली, अन्न जाईना. एका दुपारी रिकाम्या दुकानात तो हातातल्या पात्याकडे नको तितका वेळ बघत बसला. मग स्वतःलाच घाबरला आणि एप्रनसकट दवाखान्यात जाऊन उभा राहिला.

"फाटकाला शिवून पळणारा तूच ना? बस," मावशी म्हणाली. सुई टोचतानाही तिची जीभ थांबली नाही. शिंप्याचं मोडलेलं लग्न तिने पुन्हा एकदा मोडलं.

"उद्या माझंही असंच सांगाल, मावशी."

तिने कापूस दाबून धरला. "गल्लीतली किती पोरं या स्टुलावर बसून गेली. एकाचं तरी नाव माझ्या तोंडून ऐकलंस? लोकांच्या भाज्या मी उगाच करपवत फिरत नाही. असल्या गप्पांनी कान भरलेले असले की माणसं इथलं काही विचारत नाहीत."

त्याने आठवून पाहिलं. एकही नाव आठवेना.

सगळ्या चाचण्या झाल्यावर तिने दार लोटलं. "आहे," ती म्हणाली. वस्तरा भिंतीला टेकून खालीच बसला. तीही गुडघे धरत शेजारी बसली. "रोज गोळी घ्यायची, चुकवायची नाही. म्हातारा होऊन मरशील, माझ्यासारखा खवट. जीव लावशील त्याच्याशी निरोध वापर. आणि बापाची दाढी कर. त्याने हे होत नाही."

रविवार नव्हता, तरी त्या संध्याकाळी त्याने बापाच्या गालाला फेस लावला. पातं गालाजवळ नेऊन तो थांबला. डोळ्यांपुढचं दिसेना.

"सावकाश कर," म्हातारा म्हणाला. "मला कुठे जायचंय."