कॉलरच्या आतली खूण

माझ्या थोरल्या मावशीला कुणी पाण्याचा पेला दिला तरी ती आधी वास घ्यायची. नवरा गेल्यावर दिरानं गोड बोलून कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला आणि राहतं घर लाटलं. तेव्हापासून कागद दिसला की तिचा हात आपसूक पाठीमागं जायचा.

पुढं ती एका लाँड्रीत लागली. काम खुणा घालायचं. कपडे आले की सदऱ्याच्या कॉलरला आतून, चादरीच्या कोपऱ्यात, लाल दोऱ्यानं त्या घराची खूण शिवायची. कुणाचे दोन ठिपके आणि आडवी रेघ, कुणाचा तिरपा त्रिकोण, कुणाची कोंबडीची नखं. वही नव्हती. दोनशे घरं तिच्या डोक्यात.

एक दिवस शाळेतल्या मास्तरीणबाई अर्ज घेऊन आल्या. बायकांना मताचा हक्क द्या, असा सरकारला अर्ज. लिहिता येत नसेल तिनं अंगठा उठवायचा.

"अंगठा?" मावशी म्हणाली. "एकदा दिला, त्यात घर गेलं. आता काय हवंय, चूल?"

"तुम्हाला मत असतं तर असला अंगठा चालवून घेणारे कायदे करणाऱ्यांना तुम्ही घरी बसवलं असतं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

बोलणं पटलं, बाई पटली नाही. आठ दिवस मावशीनं तिची चौकशी केली. कुठं राहते, कुणाकडे जाते. काहीच वावगं निघेना, तेव्हा तर संशय आणखी वाढला.

शेवटी तोड तिनंच काढली. अंगठ्याला सगळ्याच भीत होत्या, म्हणून जिला लिहिता येत नाही तिनं आपली लाँड्रीतली खूण काढावी. कपडे टाकायला येणाऱ्या एकोणीस जणींनी खुणा काढल्या.

"घरात कुणी पाहिलं तर म्हणतील कोंबडी नाचून गेली," एकजण म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

ही खूण परक्याला वाचता येत नसली तरी लाँड्रीला येते, हे हसण्यात कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

महिन्याभरानं कचेरीतला कारकून अर्जाची नक्कल घेऊन लाँड्रीच्या मालकाकडे आला. खुणा लाँड्रीच्या आहेत, एवढं कचेरीत कुणीतरी ओळखलं होतं. मावशीला हाक गेली.

"या आपल्याच खुणा ना?" मालकानं विचारलं.

"असतील. नसतीलही."

"फक्त घरं सांगा," कारकून गोड आवाजात म्हणाला. "नवऱ्यांना बोलावून समजावतो. घरात शांतता राहायला हवी."

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. गोड आवाज तिनं आधी ऐकला होता. पहिलीच खूण सुताराच्या बायकोची. सुतार हात उचलायला निमित्तच शोधत असायचा. दुसरी गवंड्याच्या सुनेची. तिला त्याच दिवशी घराबाहेर काढली असती.

"आज डोळ्यांना पाणी येतंय," ती म्हणाली. "परवा सांगते."

दोन दिवस ती शेजारच्या इस्त्रीवालीकडे पाठ करून बसली. हिनंच चुगली केली असणार, असा तिचा पक्का ग्रह. त्या बिचारीची स्वतःची खूण अर्जावर अकरावी होती.

ठरल्या दिवशी कारकून आला तो सकाळीच लाँड्रीतून नेलेला कडक सदरा घालून.

"हं, पहिली कुणाची?"

"नंतर माझ्यावर डाफरायचं नाही."

"सांगा हो!"

"तुमच्याच घरची, साहेब."

"काहीतरीच काय!"

"कॉलर उलटून बघा की."

बघायला सदरा काढावा लागला. नुसत्या बनियनवर उभं राहून त्यानं कॉलर उलटली. लाल दोऱ्याचा तिरपा त्रिकोण, नकलेवरच्यासारखा हुबेहूब. दोन दिवसांत दोन सदऱ्यांच्या जुन्या खुणा उसवून नव्या शिवायला मावशीला कितीसा वेळ? आणि स्वतःच्या कॉलरला आतून काय आहे ते पुरुषाला कुठं माहीत? तिथला मळ बायका घासतात.

मालक पोट धरून हसला. "घ्या! आणि दुसरी कुणाची?"

मावशी नुसती मालकाच्या गळ्याकडे बघत राहिली. त्याचं हसू ओसरत गेलं आणि हात हळूच मानेमागं गेला.

तिसरी खूण कुणी विचारली नाही. नक्कल कारकुनाच्या खिशात गेली ती गेलीच. मूळ अर्ज निमूट वरच्या कचेरीत रवाना झाला.

चार दिवसांनी मालकीणबाई उशीचा एक अभ्रा घेऊन आल्या. या बाईनं अर्ज डोळ्यांनीसुद्धा पाहिला नव्हता.

"माझ्या नावावर तुम्हीच खपवलंत ना?"

"काय खपवलं?" मावशीनं ताकास तूर लागू दिली नाही.

"अकरा वर्षांच्या संसारात तुला काय वाटतं, असं ह्यांनी कधी विचारलं नव्हतं. परवा विचारलं. ओरडून विचारलं, पण विचारलं." बाईंनी अभ्र्याची घडी उलटी केली. "आणि मला उत्तरच सुचेना हो. पुढचा अर्ज निघणार आहे म्हणे?"

"मला काय ठाऊक? मी सुईत दोरा ओवते."

मालकानंच पाठवलीय हिला, मावशीनं मनाशी ठरवून टाकलं. पण बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्याही. रोज एक अभ्रा, तोही धुतलेलाच. मावशी तो घ्यायची, वास घ्यायची, खूण तपासायची आणि परत द्यायची.

नवव्या दिवशी तिनं दाराबाहेर डोकावून रस्ता पाहिला आणि फडताळातून नव्या अर्जाचा कागद काढला.

"खूण नको. तुम्हाला लिहिता येतं. नाव घाला."

मालकीणबाईंनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत कागदाचं दुसरं टोक मावशीनं हातातून सोडलं नाही.