एकूण पाने छत्तीस

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत परदेशी जाऊन आलेला माणूस लिफ्टमध्येसुद्धा ओळखू येतो. त्याला वेळ विचारली तर आधी तो तिकडे किती वाजले असतील ते सांगतो. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ अकरा देश 'करून' आलेले आहेत. करून हा शब्द त्यांचा. मी त्यांच्याजवळ व्हिसाचा विषय काढला तेव्हा त्यांनी हातातली दुधाची पिशवी उडवत सांगितलं, "अहो, ऑन अरायव्हल आहे तिथे. उतरायचं, रांगेत उभं राहायचं, शिक्का घ्यायचा. डोळे मिटून जा."

डोळे मिटून कुठेही जाणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या अभिलेख शाखेत काढली. जुनी कागदपत्रं जपणं हे आमचं काम. एक कागद सापडला नाही म्हणून माणसांचे जन्म खोटे ठरलेले मी पाहिले आहेत. तेव्हा मला दुधाची पिशवी उडवून कोणी नियम सांगू नयेत.

आम्हाला काही देश 'करायचा' नव्हता. मुलगी ऑस्ट्रेलियात असते. तिला मुलगी झाली, ती चौदा महिन्यांची झाली, आणि आम्ही दोघांनी नातीला पाहिलं होतं ते फक्त फोनवर. आमचा तिकडचा व्हिसा एकदा नाकारला होता, दुसरा अर्ज पडून होता. मुलीची नोकरी नवी, रजा एका आठवड्याची. दर रविवारी सकाळी फोन यायचा. नात पडद्यावर मला पाहून हसायची, बोट पुढे करायची, नेमकं ते लाल गोलावर पडायचं आणि फोन बंद व्हायचा. हा आमचा आजोबा-नातीचा सहवास.

मग मुलीनेच तोड काढली. तिच्या आणि आमच्या मध्ये कुठेतरी एक बेट आहे, तिथे आपल्या लोकांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो. ती नातीला घेऊन तिथे येणार, आम्ही इथून जायचं. पाच दिवस एकत्र राहायचं. बेटाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या बेटाचा काहीही दोष नाही.

मी कामाला लागलो. पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं, की आपल्याकडे या विषयातलं कोणालाच काही कळत नाही आणि बोलायचं मात्र सगळ्यांना असतं. व्हिसाच लागत नाही तो देश वेगळा, उतरल्यावर मिळतो तो वेगळा, घरबसल्या आधी काढून ठेवायचा तो वेगळा. बागेतल्या बाकावर बसणारी मंडळी तिन्हींना 'फ्री' म्हणतात. मी हा फरक व्यवस्थित लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पासपोर्टची मुदत पोचल्या दिवसापासून पुढे सहा महिने तरी हवी, परतीचं तिकीट हवं, राहायच्या जागेचं बुकिंग हवं, ऑनलाइन फॉर्म आधी भरून ठेवावा. उत्तरादाखल चौघांनी हात जोडलेले पाठवले आणि एकाने तिसऱ्याच कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

बायकोने सुचवलं म्हणून नारायण पेठेतल्या एका एजंटाकडे गेलो. दुकान दुपारी एक ते चार बंद, तशी पाटी ठळक. व्हिसा कुठले कुठले मिळतात त्याची पाटी मात्र शोधावी लागत होती. त्याने माझी फाइल उघडूनही पाहिली नाही. म्हणाला, "काका, पासपोर्ट आणलेत का? एकदा पानं चाळून बघतो."

"पहिल्या पानाची झेरॉक्स आहे."

"झेरॉक्स नको. पुस्तक बघायचंय."

"माझ्याकडे फाटकं काही नसतं," मी म्हणालो. "मी रेकॉर्डला होतो."

त्याने ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग प्रश्नच मिटला." पोरसवदा माणसं दुसऱ्याच्या आयुष्यातली चौतीस वर्षं एका वाक्यात निकालात काढतात. मी फाइल उचलून घरी आलो.

खरं म्हणजे मला पासपोर्टची काळजी होती ती माझ्या नव्हे, बायकोच्या. दसऱ्याला तिने घरातली कात्री, विळी, स्कूटरची किल्ली यांच्याबरोबर स्वतःचा पासपोर्टही पाटावर मांडला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. माझाही मागत होती, मी दिला नाही. कुंकू वेष्टणाच्या आत शिरलं, पहिल्या पानाच्या कडेला लालसर डाग आला. मी तिला म्हणालो, "हा सरकारी दस्तऐवज आहे. नारळ नव्हे." ती म्हणाली, "सरकारचं काम कधी नारळाशिवाय सुरू झालेलं मी पाहिलं नाही." या बाईशी मी सदतीस वर्षं वाद घालतो आहे आणि दर वेळी तो माझ्याच तोंडावर संपतो. पण डागाची गोष्ट मी सोडली नाही. रोज बोलत राहिलो. विमानात बसल्यावरही बोललो. तुझ्या त्या चिमूटभर कुंकवापायी नात भेटायची राहिली तर मला सांगू नकोस, हे मी तिला ढगांच्या वर, कॉफीचा कप हातात असताना ऐकवलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मांडीवर पिशवी होती, तिच्यात नातीसाठी शिवलेलं झबलं आणि बेसनाचे लाडू.

माझा पासपोर्ट कसा होता तेही सांगायला हवं. तो पोस्टाने घरी आला त्या दिवशी मी त्याचं तेच केलं जे कचेरीत प्रत्येक नव्या नोंदवहीचं करायचो. पानं मोजली. मग शेवटच्या कोऱ्या पानावर निळ्या शाईने, बारीक सुवाच्य अक्षरात लिहिलं: प्रमाणित करण्यात येते की, या पुस्तकात एकूण ३६ (छत्तीस) पाने असून ती मोजून बरोबर आढळली. खाली सही, तारीख. आमच्याकडे या दाखल्याशिवाय वही वापरात येत नसे, कारण दाखला नसला की कोणीही मधलं पान काढून नेऊ शकतो. मी बायकोच्या पासपोर्टवरही लिहायला घेतलं होतं. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. "माझ्यात काही लिहू नका," म्हणाली. मी मनात म्हटलं, अडाणी आहे.

आपल्या विमानतळावर निघताना खिडकीतल्या माणसाने पहिलं पान पाहिलं आणि शिक्का मारला. शेवटपर्यंत वाचायची सवय आपल्याकडे कोणाला आहे?

तिकडे उतरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. फोन सुरू करताच मुलीचा संदेश दिसला, आम्ही बाहेर उभ्या आहोत, लवकर या. व्हिसाची रांग लांब होती. पुढे आपलेच लोक एकमेकांना फॉर्म कसा भरायचा ते चुकीचं सांगत होते. मी कोणालाही दुरुस्त केलं नाही, कारण माझी फाइल तयार होती.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने आधी बायकोचा पासपोर्ट घेतला. कुंकवाचा डाग पाहिला, अंगठ्याने पुसला. थोडा गेला, थोडा राहिला. तिने बायकोच्या कपाळाकडे पाहिलं, हसली आणि शिक्का मारला. मला जवळजवळ वाईट वाटलं. मी केलेली सगळी भविष्यवाणी फुकट गेली होती.

मग तिने माझा घेतला आणि मागून चाळायला सुरुवात केली. शेवटच्या पानावर थांबली. "हे काय आहे?" तिने इंग्रजीत विचारलं.

"दाखला आहे. पानांचा."

"कोणी लिहिला?"

"मी."

"का?"

"कोणी पान काढून नेऊ नये म्हणून."

ती म्हणाली, "पण सर, पानांवर नंबर छापलेले आहेत."

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी इतकी साधी गोष्ट दाखवून दिली नव्हती. तिने वरिष्ठाला बोलावलं. तो शांत माणूस होता. ज्याच्यावर मालकाने स्वतः काही लिहिलंय तो पासपोर्ट आम्हाला ग्राह्य धरता येत नाही, संध्याकाळच्या विमानाने परत जावं लागेल, असं त्याने समजावून सांगितलं. मी परतीचं तिकीट पुढे केलं, बुकिंगचा आणि निवृत्तीवेतनाचा कागद पुढे केला. त्याने सगळं सरळ करून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, नियम आहे, मी काही करू शकत नाही. हेच वाक्य मी माझ्या टेबलापलीकडच्या माणसांना किती वेळा ऐकवलं असेल. ते रिकाम्या हाताने परत जात तेव्हा मी चहा सांगत असे.

आम्हाला बाजूच्या बाकावर बसवलं. बायकोने कुंकवाचं नावही काढलं नाही. मला ते फार लागलं. ती बोलली असती तर भांडता आलं असतं.

"चल, परत जाऊ," मी म्हणालो. "तुला एकटीला तिकडे काय कळणार आहे?"

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. "बाहेर मुलगी उभी आहे," ती म्हणाली. "चौदा महिने झालेत. मी जाते. तुमच्या गोळ्या तुमच्या खिशात आहेत, जेवल्यावर घ्या." आणि गेली. काचेच्या दारापाशी तिने एका अनोळखी बाईला वाट विचारली, मराठीत, आणि त्या बाईने ती दाखवलीसुद्धा.

दहा मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर मुलगी होती, डोळे पुसत होती. मागे बायको नातीला कडेवर घेऊन उभी होती आणि नात रडत होती. तिला ही बाई परकी वाटत होती, फोनमधून बाहेर आलेली.

"बाबा, असं काय लिहिलंत त्याच्यावर?" मुलीने विचारलं.

"एकूण पानं छत्तीस," मी म्हणालो.

माझा आवाज ऐकून नातीने मान वळवली. मला पाहिलं आणि रडायची थांबली. फोनमधला आजोबा तिच्या ओळखीचा होता, नेहमीच्या जागी होता. ती हसली. मी या काचेच्या आणि त्या भिंतीच्या पलीकडे, चालत गेलो असतो तर दोन मिनिटांच्या अंतरावर होतो, हे तिला कोण सांगणार. तिने माझ्याकडे बोट पुढे केलं. मी म्हणालो, "थांब, बाळा," पण ते नेमकं त्या लाल गोलावर पडलं.